लुंबिनीचा स्तंभ काय सिद्ध करतो आणि काय नाही: बुद्धांच्या ऐतिहासिकतेच्या वादाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका विद्यार्थ्याचा मित्र म्हणतो की बुद्ध नावाचा माणूस खरोखर होऊन गेला याचा एकही समकालीन पुरावा नाही. अशोक त्यानंतर शे-दोनशे वर्षांनी झाला. लुंबिनीच्या लेखाशी ज्याचे नाव जोडले जाते तो जर्मन अधिकारी पुढे लबाड ठरला. आणि २०१७ मध्ये डेव्हिड ड्रूज या अभ्यासकाने तर बुद्धांना ऐतिहासिक व्यक्ती मानायला आधार नाही असे सरळ लिहिले. याला उत्तर काय द्यायचे?

पाली ग्रंथ आणि ब्राह्मी लेख शिकवण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. आधी एक सांगतो: मित्राने दिलेल्या चारही बाबी खऱ्या आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. बुद्ध होऊन गेले असे मानायला भक्कम कारणे आहेत, पण आपण बहुतेक वेळा ती चुकीच्या जागी दाखवतो. व्याख्यानात लुंबिनीच्या स्तंभाचे चित्र दाखवून "हा घ्या पुरावा" म्हणणारा वक्ता स्वतःची बाजू कमजोर करतो, कारण जाणकार प्रतिपक्षी तिथेच त्याला अडवतो.

समकालीन पुराव्याचा मुद्दा लवकर निकालात निघतो. सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही. ती सोडली तर भारतात नक्की काळ सांगता येणारे पहिले मोठे लेख अशोकाचे आहेत. म्हणजे त्याआधी होऊन गेलेल्या कोणाचाच समकालीन लेख आपल्याकडे नाही. महावीरांचा नाही, बिंबिसाराचा नाही, पाणिनीचा नाही, नंद राजांचा नाही. चंद्रगुप्त मौर्य घ्या. त्याने स्वतः कोरवलेला एकही लेख सापडलेला नाही. ग्रीकांनी त्याचे नाव 'सँड्रोकोट्टस' असे लिहून ठेवले म्हणून त्याचा काळ ठरला, आणि भारतीय शिलालेखात त्याचे नाव स्पष्ट वाचायला मिळते ते इ.स. १५० च्या सुमाराला, रुद्रदामनाच्या जुनागडच्या लेखात. म्हणून चंद्रगुप्त काल्पनिक होता असे कोणी म्हणत नाही. लेख कोरण्याची रीतच नव्हती त्या काळाकडे लेख मागणे हा इतिहासाचा निकष होऊ शकत नाही. मित्र म्हणेल की चंद्रगुप्ताला ग्रीक साक्षीदार तरी आहे, बुद्धांना कोण आहे? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पुढे येईल.

आता लुंबिनी. डिसेंबर १८९६ मध्ये नेपाळच्या तराईत रुम्मिनदेई या ठिकाणी पाल्पाचे राज्यपाल जनरल खड्ग शमशेर यांच्या माणसांनी एका जुन्या स्तंभाभोवतीची माती काढली आणि जमिनीखाली दडलेला ब्राह्मी लेख वर आला. ब्रिटिश सरकारच्या पुरातत्त्व खात्यातला आलोइस फ्यूरर, म्हणजे मित्राने म्हटलेला तो जर्मन अधिकारी, या शोधाशी जोडलेला होता. देवानंपिय पियदसि राजा, म्हणजे अशोक, राज्याभिषेकानंतर २० वर्षांनी स्वतः इथे आला, त्याने पूजा केली, शिलास्तंभ उभारला आणि लुंबिनी गावाचा बलि हा कर माफ करून भाग, म्हणजे पिकातला राजाचा वाटा, आठव्या हिश्श्यावर आणला, असे त्या लेखात आहे. "हिद बुधे जाते सक्यमुनी ति", इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले, हे शब्द त्यात स्वच्छ आहेत.

फ्यूरर लबाड होता यात शंका नाही. त्याने ब्रह्मदेशातल्या एका भिक्षूला बुद्धांचे म्हणून खोटे अवशेष दिले, शाक्यांच्या नावांचे बनावट लेख जाहीर केले, न पाहिलेल्या स्तूपाचे वर्णन छापले. १८९८ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली. पुढच्याच वर्षी पूर्णचंद्र मुखर्जी यांना त्या भागाची पुन्हा पाहणी करायला पाठवले गेले आणि व्हिन्सेंट स्मिथ यांनी फ्यूररच्या बनावटीबद्दल कठोर शब्दांत लिहिले. पण त्याच स्मिथ यांनी आणि मुखर्जींनी लुंबिनीचा लेख खरा मानला. का? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियान लुंबिनीला येऊन गेला होता, आणि सातव्या शतकात ह्युएन त्संगने तिथे अशोकाचा स्तंभ असल्याचे, त्यावर घोडा असल्याचे आणि तो वीज पडून मोडल्याचे नोंदवले होते. लेखाची भाषा मगधाकडची प्राकृत आहे, 'राजा'चा 'लाजा' करणारी. त्यातल्या 'सिलाविगडभी' या शब्दाचा अर्थ आजही अभ्यासकांना एकमताने लावता आलेला नाही. आपली बनावट खपावी अशी इच्छा असलेला माणूस ज्याचा अर्थ कोणालाच लागणार नाही असा शब्द कशाला कोरेल? आणि तराईतल्या एका गावाची करमाफी कशाला रचेल? गावाच्या 'रुम्मिन' या नावातही जुने नाव जिवंत होते. फ्यूररच्या लबाडीने लुंबिनीचा लेख खोटा ठरत नाही, हे तुम्ही ठामपणे सांगू शकता.

पण एवढ्यावर थांबू नका, कारण खरी अडचण शेजारी आहे. लुंबिनीपासून फार दूर नसलेल्या निगाली सागर या तळ्याकाठी अशोकाचा आणखी एक स्तंभ आहे. त्यावर राजा सांगतो की राज्याभिषेकाच्या १४ वर्षांनी आपण कोनाकमन बुद्धाचा स्तूप दुपटीने वाढवला. कोनाकमन, पालीतला कोणागमन, हा गौतमांच्या आधीचा बुद्ध मानला जातो. दीघनिकाय या पाली सुत्तांच्या, म्हणजे उपदेशांच्या, संग्रहातल्या महापदान सुत्तात त्याच्या काळी माणसाचे आयुष्य ३० हजार वर्षांचे होते. म्हणजे अशोकाच्या काळी एका पौराणिक बुद्धाचाही स्तूप होता आणि राजा त्याचीही पूजा करत होता. मग अशोकाचा शब्द गौतमांसाठी पुरावा आणि कोनाकमनासाठी नाही, असे कसे चालेल? ज्याने निगाली सागरचा लेख वाचला आहे त्याच्यापुढे "अशोकाने लिहिले आहे ना" एवढे उत्तर पुरत नाही. लुंबिनीचा स्तंभ एवढेच सिद्ध करतो की इ.स.पू. २५० च्या सुमाराला लोक या जागेला शाक्यमुनींचे जन्मस्थान मानत होते आणि राजाचा त्यावर विश्वास होता. ही मोठीच गोष्ट आहे, पण ती श्रद्धेची नोंद आहे. जन्माचा दाखला म्हणून तिच्याकडे बोट दाखवू नये.

गौतम आणि कोनाकमन या दोघांतला फरक स्तंभांवर सापडत नाही, तो ग्रंथांत सापडतो. महापदान सुत्तात सहा पूर्वबुद्धांची आयुष्ये ८० हजार, ७० हजार अशी उतरत येतात आणि सगळ्यांचे चरित्र एकाच साच्यातले असते: वडील, आई, नगर, बोधिवृक्ष, दोन मुख्य शिष्य. गौतमांची पाळी येते तेव्हा सुत्त सांगते की आता आयुष्य फार तर १०० वर्षांचे. आणि फक्त याच बुद्धाला भांडखोर शिष्य आहेत, संघ फोडणारा चुलतभाऊ देवदत्त आहे, कोसंबी नगरातले भिक्षू त्याचे ऐकत नाहीत म्हणून तो एकटा रानात निघून जातो, त्याची पाठ दुखते, त्याला प्रतिस्पर्धी आहेत, आणि दंतकथेत कधी लागत नाहीत अशा बारीकसारीक नियमांचा अख्खा विनय, भिक्षूंच्या आचारनियमांचा ग्रंथ, त्याच्या नावावर आहे.

माझ्या मते सगळ्यांत वजनदार साक्ष महापरिनिब्बान सुत्ताची आहे. त्यात चमत्कार भरपूर आहेत, भूकंप आहेत, देवही आहेत. पण त्या सगळ्याखाली एका म्हाताऱ्या, आजारी माणसाचा शेवटचा प्रवास दिसतो. ८० वर्षांचे बुद्ध सोबतच्या आनंद या शिष्याला सांगतात की जुनी गाडी दोऱ्या-पट्ट्या बांधून कशीबशी चालवावी तसे हे शरीर चालले आहे. पावा गावात चुंद लोहाराकडचे जेवण झाल्यावर त्यांना रक्ताची हगवण लागते. पालीत तिला 'लोहितपक्खंदिका' हे रोखठोक नाव दिलेले आहे. चुंदाला कोणी दोष देऊ नये म्हणून बुद्ध मरणाच्या दारात असताना खास निरोप ठेवतात. असा निरोप ठेवावा लागला, याचा अर्थ बोलणारे बोलत होते. आणि मग ते कुसिनाऱ्याला थांबतात तेव्हा आनंद जवळजवळ तक्रारच करतो: भगवंतांनी या क्षुद्र, रानातल्या, आडबाजूच्या गावात परिनिर्वाण पावू नये; चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कोसंबी, वाराणसी अशी मोठी नगरे आहेत. त्यावर सुत्त लगेच एक लांबलचक कथा सांगते की हेच गाव पूर्वी महासुदस्सन चक्रवर्तीची कुसावती नावाची भव्य राजधानी होते.

इथे दोन थर स्पष्ट दिसतात. आचार्य आडगावी, पोटाच्या दुखण्याने गेले, ही गोष्ट अनुयायांना खुपत होती. ती बदलणे शक्य नव्हते, कारण ती सर्वांना माहीत होती. म्हणून तिच्यावर वैभवाची कथा चढवली गेली. संपूर्ण चरित्र कल्पनेतून रचणाऱ्याने आपल्या नायकाला राजगृहात किंवा श्रावस्तीत मरण दिले असते आणि ही डागडुजी करावीच लागली नसती.

त्याच सुत्तात पाटलिपुत्र हे अजून 'पाटलिगाम' आहे. मगधाचे मंत्री सुनीध आणि वस्सकार तिथे वज्जी या शेजारच्या गणराज्याच्या विरोधात तटबंदी बांधत आहेत. पुढे हे मोठे नगर होईल असे भाकीत बुद्धांच्या तोंडी आहे, आणि ते उघडच नंतरच्या हाताने घातलेले आहे. पण ज्या चौकटीत ते बसवले ती मौर्यांच्या आधीची आहे. पाली सुत्तांच्या चार निकायांत, म्हणजे संग्रहांत, अशोक नाही, मौर्य साम्राज्य नाही. तिथे कोसलाचा पसेनदी आहे, मगधाचे बिंबिसार आणि अजातशत्रू आहेत, वज्जींचे गण आहेत. जैन आगमांत, म्हणजे जैनांच्या धर्मग्रंथांत, हेच मगधाचे राजे श्रेणिक आणि कूणिक या नावांनी येतात. आजीवक पंथाचा प्रमुख मक्खलि गोसाल दोन्ही परंपरांत आहे, आणि दोन्हीकडे त्याची निंदाच आहे. महावीर पाली ग्रंथांत 'निगंठ नाटपुत्त' म्हणून वावरतात, आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या अनुयायांत फूट पडल्याची वार्ताही तिथे आहे. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन संघांनी ठरवून एकच काल्पनिक राजकीय नकाशा रचला, असे मानणे फार कठीण आहे. ग्रीक साक्षीदाराबद्दलच्या त्या प्रश्नाला हे माझे उत्तर. बुद्धांचे साक्षीदार प्रतिस्पर्ध्यांच्या घरातून येतात.

मग अशोक निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. फक्त लुंबिनीऐवजी बैराटकडे बघा. राजस्थानातला हा लेख, भाब्रूचा लेख म्हणून ओळखला जाणारा, १८४० मध्ये सापडला आणि आज कोलकात्याला एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात अशोक भिक्षुसंघाला सांगतो की बुद्धांनी जे सांगितले ते सगळेच सुभाषित आहे, पण हे सात उपदेश भिक्षू-भिक्षुणी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत. त्यात 'मुनिगाथा' आहे, 'उपतिसपसिने' म्हणजे सारिपुत्ताचे प्रश्न आहेत, आणि शेवटी 'लाघुलोवादे मुसावादं अधिगिच्य', म्हणजे राहुलाला केलेला उपदेश, खोटे बोलण्याविषयीचा. मज्झिमनिकायात राहुलाला केलेल्या उपदेशांची एकाहून अधिक सुत्ते आहेत, आणि खोटे बोलण्याविषयीचे त्यातले एक आजही आपण वाचतो. 'खोटे बोलण्याविषयीचा' असे राजाला सांगावे लागले, याचा सरळ अर्थ त्या काळी राहुलाला केलेले इतरही उपदेश प्रचारात होते. इ.स.पू. २५० च्या सुमाराला सुत्तांना नावे होती, बुद्धांचा मुलगा आणि पट्टशिष्य सर्वांच्या ओळखीचे होते. या सात नावांची सांगड पाली ग्रंथांशी कशी बसते याचा शोध घेणारा महत्त्वाचा लेख धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. गोव्यातल्या साखवाळ गावातून बुद्धाच्या ओढीने निघालेल्या या माणसाचे हे काम आपल्या मराठी वादांत क्वचितच कोणी उल्लेखते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

कोसंबींचे नाव निघाले आहे तर त्यांची दुसरी गोष्टही सांगायला हवी, कारण मित्राशी बोलताना तीच जास्त उपयोगी पडेल. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी या चार दृश्यांची कथा आपण शाळेपासून ऐकतो. जुन्या सुत्तांत ती गौतमांच्या नावाने येत नाही. महापदान सुत्तात ती विपस्सी या पूर्वबुद्धाची आहे. गौतम स्वतः अरियपरियेसन सुत्तात सांगतात की आईवडील डोळ्यांत आसवे आणून रडत असताना, त्यांची इच्छा नसताना, मी केस-दाढी उतरवून घर सोडले. म्हणजे मध्यरात्री गुपचूप घोड्यावरून निघून जाण्याचा प्रसंगही इथे नाही. कोसंबींनी हे मराठी वाचकांपुढे मांडले आणि गृहत्यागाचे कारण सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्तात शोधले. तिथे बुद्ध म्हणतात की थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी माणसे एकमेकांशी झगडताना पाहून मला भय वाटले. शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांनी याच्याशी जोडला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच विचारले की २९ व्या वर्षापर्यंत ज्याला म्हातारपण आणि मरण दिसलेच नाही असा माणूस कसा असेल, आणि ग्रंथात रोहिणीच्या तंट्याला गृहत्यागाच्या केंद्रस्थानी ठेवले. रोहिणीची जोडणी हा या दोघांनी लावलेला अर्थ आहे, सुत्तात नदीचे नाव नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावे. पण बुद्धांवर अपार निष्ठा असलेल्या या दोघांनीही दंतकथा बाजूला काढून ठेवण्यात काही गैर मानले नाही. दंतकथा गळून पडली म्हणजे माणूस नाहीसा झाला, असे त्यांना कधी वाटले नाही.

सुत्ते पाठांतराने आली, मग ती बदलली नसतील कशावरून, असेही मित्र विचारेल. बदलली, यात वाद नाही. किती बदलली हे मोजण्याची सोय मात्र आहे. पाली ग्रंथ श्रीलंकेत इ.स.पू. पहिल्या शतकात लिहिले गेले; दुसरीकडे वायव्य भारतातल्या वेगळ्या संप्रदायांचे ग्रंथ चौथ्या-पाचव्या शतकात चिनी भाषेत गेले. फर्ग्युसन महाविद्यालयात कोसंबींकडे पाली शिकलेले पु. वि. बापट यांनी तर चिनी शिकून सुत्तनिपातातल्या अट्ठकवग्ग या भागाच्या चिनी रूपाचे भाषांतर केले, आणि अत्तदंड सुत्त याच वग्गातले आहे. हजारो मैल दूर वाढलेल्या या परंपरा शेजारी ठेवल्या की क्रम बदलतो, सजावट बदलते, गोष्टी वाढतात, पण शिकवणीचा गाभा आणि माणसांची नावे मोठ्या प्रमाणात जुळतात. दोघांचा समान पूर्वज अर्थातच दोघांहून जुना.

ड्रूज यांचा लेख मुळातून वाचावा असाच आहे. बुद्धांविषयी एकही तपशील स्वतंत्रपणे सिद्ध झालेला नाही, आणि आधुनिक अभ्यासक हे गृहीत धरून पुढे जातात, हे त्यांचे म्हणणे आहे. त्यातला पहिला भाग बराचसा बरोबर आहे. पण असा संशय नवा नाही. १८७० च्या दशकात एमिल सेनार यांनी बुद्धकथेत सूर्यकथा पाहिली होती (याच सेनार यांनी पुढे कार्ले आणि नाशिकच्या लेण्यांतले लेख संपादित केले, त्यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे). सेनार यांचा भर उत्तरकालीन, अलंकारिक चरित्रांवर होता. १८८१ मध्ये हेरमान ओल्डेनबर्ग यांनी जुने पाली ग्रंथ पुढे ठेवले आणि सूर्यकथेचा पाया खचला. ड्रूज यांना २०१९ मध्ये ओस्कार फॉन हिन्यूबर यांनी उत्तर दिले, तेही महापरिनिब्बान सुत्तावर मोठा भर देऊन. एका लेखाचा हवाला देणाऱ्या मित्राला दुसरा लेखही वाचायला सांगा.

उत्खननांबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. पिप्रहवा येथे १८९८ मध्ये विल्यम पेपे यांना मिळालेल्या करंडकावर शाक्यांचा आणि भगवान बुद्धांच्या अवशेषांचा स्पष्ट उल्लेख आहे, पण अक्षरांवरून तो अशोकाच्या आसपासचा किंवा नंतरचा वाटतो. वैशालीला अनंत सदाशिव आळतेकर यांनी १९५८ मध्ये मातीच्या एका जुन्या स्तूपातून करंडक काढला, त्यावर लेख नाही. लुंबिनीच्या मायादेवी मंदिराखाली रॉबिन कनिंगहॅम यांच्या चमूला इ.स.पू. सहाव्या शतकातल्या लाकडी कुंपणाच्या खुणा मिळाल्या आणि २०१३ मध्ये जगभर बातम्या झाल्या. ते वृक्षपूजेचे स्थान असू शकते, ते बौद्धच होते असे त्यातून निघत नाही.

राहिला काळ. इथे मात्र वाद खुला आहे आणि तो कबूल करण्यात काहीच कमीपणा नाही. श्रीलंकेच्या बखरी परिनिर्वाण आणि अशोकाचा राज्याभिषेक यांत २१८ वर्षे धरतात, उत्तरेची परंपरा १००. राज्याभिषेक इ.स.पू. २६८ च्या सुमाराचा धरला तर एक आकडा ४८६ येतो, दुसरा ३६८. १९८८ मध्ये हाइन्झ बेशर्ट यांनी ग्योटिंगेनला खास याच प्रश्नावर परिषद भरवली, तेव्हापासून पुष्कळ अभ्यासक परिनिर्वाण इ.स.पू. ४०० च्या आसपास, थोडे अलीकडे-पलीकडे, धरतात. मलाही तेच पटते.

या चर्चेत कोणी बुद्धांना इ.स.पू. १८०० च्या आसपास नेऊन बसवणारे पौराणिक गणित आणले, आणि आजकाल ते हटकून आणले जाते, तर अशोकाचा तेरावा शिलालेख उघडा. त्या गणितात अशोकालाही हजारभर वर्षे मागे ढकलावे लागते. पण तेराव्या लेखात अशोक आपल्या काळातल्या पाच ग्रीक राजांची नावे देतो: अंतियोक, तुरमाय, अंतिकिनि, मक आणि अलिकसुदर. सीरियाचा अँटिओकस, इजिप्तचा टॉलेमी, मॅसिडोनियाचा अँटिगोनस, सायरीनचा मॅगस आणि अलेक्झांडर नावाचा एक राजा. हे पाचही एकाच वेळी गादीवर होते ते इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याला, आणि त्यांचे काळ त्यांच्या त्यांच्या देशांतल्या नोंदींवरून स्वतंत्रपणे ठरलेले आहेत.